तेरच्या गल्ल्यांतून पायी पायी

 आम्ही येरमाळ्याच्या बचत गटाच्या बायका. मागच्या वेळी आपण शेळीपालनाच्या हिशेबावर बोललो होतो. आज हिशेब नाही, आज इतिहास. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. आम्ही अठरा जणी एक दिवस तेरला गेलो आणि तिथं दिवसभर पायी फिरलो, त्याची ही गोष्ट आहे.

तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. चैत्र पौर्णिमेला आमच्या येडेश्वरीची यात्रा होते आणि त्याच महिन्याच्या वद्य पक्षात तेरला काकांची यात्रा भरते. आमच्यातल्या निम्म्या जणी तरी तेरला जाऊन आलेल्या. पण कसं? गाडीतून उतरायचं, समाधीवर डोकं टेकायचं, प्रसाद घ्यायचा, बांगड्या भरायच्या आणि परत गाडीत बसायचं. गाव म्हणून तेर आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

ही पायी फिरण्याची कल्पना आली कुठून, तेही सांगतो. आमच्या गटातल्या एकीची भाची नोकरीसाठी नॉर्वे देशात असते. युरोपच्या पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. ती फोनवर सांगत होती, की तिथं बर्गन नावाचं जुनं बंदराचं गाव आहे. तिथं सुकवलेल्या मासळीचा व्यापार चालायचा. त्या धक्क्यावर लाकडी घरांची जुनी रांग आहे, तिला ब्रिगेन म्हणतात. तिथं एक जाणता माणूस पुढं चालतो आणि देशोदेशीची माणसं त्याच्या मागं गल्लीबोळातनं पायी फिरतात. तो थांबेल तिथं थांबायचं, दाखवील ते बघायचं, ऐकायचं. त्यासाठी लोक पैसेही देतात.

हे ऐकून आमच्या मोठ्या अक्का म्हणाल्या, "जुनं गाव बघायला त्यांच्याकडं माणसं पैसे देत्यात, अन् आपल्या बगलेत दोन हजार वर्षांचं गाव पडलंय, त्याला कुणी इचारीना." अक्कांनी हे कुठंतरी भाषणात ऐकलं होतं. पण तेच वाक्य आमच्या डोक्यात बसलं आणि बैठकीत ठराव झाला. तेरच्याच एका निवृत्त गुरुजींना आम्ही वाट दाखवायची विनंती केली. ते लगेच हो म्हणाले, फक्त एक अट घातली. "चपला पायात बसणाऱ्या घाला आणि घाई करू नका."

येडशी, ढोकी करत आम्ही सकाळी तेरला पोचलो. गुरुजींनी आधी संग्रहालयात नेलं. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच व्यापारी. गावात, शेतात, नदीकाठी लोकांना जे जे जुनं सापडायचं, ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं. मणी, नाणी, खापरं, मातीची चित्रं, शंखाच्या बांगड्या, दिवे. दुसऱ्याला जो कचरा वाटायचा, तो त्यांनी घरात जपून ठेवला. तेच पुढं शासनाचं संग्रहालय झालं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसानं एवढं जमवून ठेवलं, म्हणून तेरचा इतिहास आज हातात धरता येतो.

तिथं गुरुजींनी गोष्ट सुरू केली. आजचं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, तगर ही फार मोठी बाजारपेठ होती. त्या काळातल्या एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक माहितीवही लिहून ठेवली आहे. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, असं सगळं तिच्यात आहे. त्या व्यापाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण वही टिकली. तिच्यात लिहिलंय, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं खूप मोठं शहर आहे. तिथून गाड्यांत भरून, रस्ता धड नसलेल्या मुलखातनं, माल भडोचला जातो. हे तगर कोणतं, यावर विद्वानांचा पुष्कळ वाद झाला. शेवटी १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ते आपलं तेरच आहे असं मांडलं आणि पुढच्या खोदकामांनी त्याला बळ मिळालं.

आता मुख्य गोष्ट. तगरहून कोणता माल जायचा? सोनं नाही, हिरे नाहीत. कापड! जाडंभरडं कापड पुष्कळ, आणि मलमलीचे निरनिराळे प्रकार. आपल्या काळ्या रानातल्या कापसाचं कापड बैलगाडीनं भडोचला, तिथनं जहाजानं समुद्रापार आणि शेवटी रोमच्या बाजारात. रोममध्ये प्लिनी नावाचा एक मोठा लेखक होता. त्यानं तक्रार लिहून ठेवलीय, की आपल्या देशाचा पैसा दरवर्षी हिंदुस्थानाकडं वाहून चाललाय. आणि दोष कुणाला दिला? चैनीला आणि बायकांना! हे ऐकल्यावर आमच्यात एवढा हशा पिकला, की संग्रहालयातल्या शिपाईदादांनी वळून बघितलं. एक जण म्हणाली, "म्हंजे खर्चाला बायका जबाबदार, हे तवापासनं हाय म्हणा की."

पण हसू ओसरल्यावर आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी एक प्रश्न विचारला. "गुरुजी, मलमल म्हंजे लई बारीक सूत. ते कातलं कुणी?"

गुरुजी क्षणभर थांबले. म्हणाले, "नावं कुठंच नाहीत बाई. पण त्या काळात सूत कोण कातायचं, ते दुसऱ्या एका पुस्तकात सापडतं." मग त्यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राबद्दल सांगितलं. ते तगरबद्दल नाही, राज्यकारभार कसा करावा याबद्दल आहे. त्यात सूतकताईच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. कताईचं काम कुणाला द्यावं? विधवांना, अपंग बायकांना, पोट भरू पाहणाऱ्या मुलींना, म्हाताऱ्या बायकांना. सूत बारीक, मध्यम की जाड, ते बघून मजुरी ठरवावी. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत, त्यांना दासीच्या हातून, मानानं काम पोचवावं. ज्या पहाटे सूत घेऊन येतात, त्यांच्या सुताची तपासणी करण्यापुरताच दिवा असावा. अधिकारी बाईच्या तोंडाकडं बघू लागला किंवा कामाशिवाय दुसरं बोलू लागला तर त्याला दंड. आणि मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड.

मैत्रिणींनो, इथं मात्र आम्ही अठराच्या अठरा जणी गप्प झालो. शिवलेल्या कपड्यांचे पैसे सहा सहा महिने न मिळालेल्या बायका आमच्यात आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी पुस्तकात तरी लिहिलं होतं, की बाईची मजुरी अडकवणाऱ्याला दंड करा. तसं खरंच व्हायचं का, ते कोण सांगणार! नियम लिहावा लागला, याचा अर्थ उशीर करणारेही होतेच.

मग गुरुजींनी आम्हाला एका बाहुलीबद्दल सांगितलं. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे. हाताच्या पंजात मावेल एवढीच, पण अंगावर दागिने, कोरीव काम इतकं नाजूक की बघत राहावं. तशीच एक हस्तिदंती बाई थेट इटलीत, पाँपेई गावात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि ते सगळं गाव राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून १९३८ साली ही बाई निघाली. ती आपल्या दख्खनच्या कारागिरांच्या हातची असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आणि मघाशी बायकांवर खापर फोडणारा तो प्लिनी? तोही त्याच स्फोटात गेला. तक्रार करणारा गेला आणि जिच्या नावानं तक्रार केली तसली एक बाई मात्र राखेखाली सुखरूप राहिली.

संग्रहालयातून बाहेर पडून आम्ही गावात शिरलो. त्रिविक्रम मंदिरापाशी गुरुजींनी आम्हाला समोरून न नेता आधी मागच्या बाजूला नेलं. "पाठ बघा," म्हणाले. मंदिराची मागची बाजू चौकोनी नाही, गोलाकार आहे आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं. सगळं विटांचं. मुळात हे बौद्धांचं चैत्यगृह असावं आणि पुढं इथं विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा सुरू झाली, असं जाणकार मानतात. आत पाय उचललेला त्रिविक्रम आहे, तीन पावलांत जग मापणारा. तेरला खोदकामात विटांचा स्तूपही मिळाला आहे, आणि गावात जैन मंदिरही आहे. एकाच गावात बौद्ध, जैन, वैष्णव, शैव सगळे नांदून गेले. ज्याचा काळ आला त्यानं आपला देव बसवला, पण विटा त्याच राहिल्या.

विटांवरनं आठवलं. तेरला काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत, की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळायचा, भट्टीत भुसा जळून जातो आणि वीट आतून पोकळ पोकळ होते. आमच्यातल्या वीटभट्टीवर काम केलेल्या काकूंनी मान हलवली. "मातीत काय कालवायचं, ते मळणाऱ्याला कळतंय," म्हणाल्या. उत्तरेश्वर मंदिराची जुनी लाकडी दरवाजाची चौकटही अशीच जपलेली आहे. लाकूड आणि वीट, दोन्ही नाशिवंत. तरी कुणाच्या तरी हातगुणानं आणि कुणाच्या तरी जपणुकीनं ती राहिली.

दुपारी गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. इथली गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ. काका भजनात दंग होऊन चिखल तुडवत होते, लेकरू रांगत आलं आणि पायाखाली गेलं, त्यांना कळलंच नाही. कीर्तनात हे ऐकताना आपण विठ्ठलाचं नाव घेऊन हात जोडतो. त्या दिवशी तिथं बसल्यावर मोठ्या अक्का म्हणाल्या, "लेकराला ठिवून पाण्याला गेलेली ती माय. परत आल्यावर तिचं काय झालं आसंल?" गुरुजींनी सांगितलं, की कथेत काकांच्या बायकोचं, संतीचं दुःख आहे, राग आहे, पुढं लेकरू परत मिळाल्याचाही प्रसंग आहे. पण आम्ही आजवर तिच्या बाजूनं ही गोष्ट कधी मनात आणली नव्हती. इतक्या वेळा तेरला येऊनसुद्धा. दुसरी गोष्ट मुक्ताईची. संतांच्या मेळ्यात काकांच्या हातातलं थापटणं बघून, हे कशासाठी असतं, असं विचारणारी मुक्ताईच. त्या प्रश्नानंच संतांची डोकी थापटून मडकी कच्ची की पक्की हे बघायचा खेळ झाला आणि नामदेवांना आपलं कच्चेपण कळलं. प्रश्न बाईनं विचारला म्हणून गोष्ट घडली, हेही आमच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

शेवटचा थांबा होता गावाची पांढर. ज्या उंचवट्यांवर जुनी वस्ती होती, तिथली माती पांढुरकी, राखाडी. शेकडो वर्षांच्या चुली, भिंती, शेण, राख मिळून झालेली. आपल्या भागातल्या बायकांना पांढर सांगायला नको. माळवदावर टाकायला, भिंती लिंपायला आपण पांढरी माती आणतोच. रानात खत म्हणूनही लोक ती नेतात. गुरुजी त्या उंचवट्याच्या तुटलेल्या कडेपाशी उभे राहिले आणि बोटानं थर दाखवले. हा राखेचा, हा खापरांचा, हा विटांचा. म्हणाले, "हे पुस्तक आहे. एक एक थर म्हणजे एक एक पान. ट्रॉलीभर माती नेली, की किती पानं फाटली बघा."

आणि तिथं आमच्यातली एक जण रडायला लागली. आम्हाला आधी वाटलं ऊन लागलं. तिचं माहेर तेरच्या जवळच्याच एका खेड्यातलं. तिनं हळूहळू सांगितलं. लग्नाआधी एका पावसाळ्यात खुरपताना तिला तांब्याची सात-आठ नाणी आणि मण्यांची एक तुटकी माळ सापडली. नाण्यावर हत्ती होता, एवढं तिला आठवतं. मोटारसायकलवरनं फिरणारा एक जण गावात यायचा आणि असल्या वस्तू घ्यायचा. त्यानं ऐंशी रुपये दिले. त्या पैशांत तिच्या धाकट्या भावाची वह्यापुस्तकं आली. "मला काय म्हाईत," ती म्हणत होती, "मला वाटलं भंगार हाय."

आम्ही तिला दोष दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका. त्या दिवशी घरात वह्यांना पैसे नव्हते, ही गोष्ट तितकीच खरी आहे. गुरुजीही तेच म्हणाले. पण मग त्यांनी समजावलं, की नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं, त्यावरनं त्याचा काळ आणि त्या जागेची गोष्ट कळते. फिरत्या माणसाच्या पिशवीत गेलं, की ते नुसतं तांबं उरतं. कायदाही आहे, १८७८ सालचा निखात निधीचा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सरकारनं ती ठेवून घेतली तर मोबदल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे आम्हा अठरा जणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. वस्तू घेऊन जाणाऱ्याला मात्र नक्की माहीत असणार.

परतताना गाडीत आम्ही बर्गनच्या त्या भाचीला फोन लावला. दिवसभराचं सगळं सांगितलं. तेव्हा तिनं तिकडची एक गोष्ट सांगितली. १९५५ साली ब्रिगेनच्या लाकडी घरांना मोठी आग लागली, बरीच घरं जळाली. लोकांनी जळालेली जागा तशीच बुजवून टाकली नाही. आधी तिथं काळजीनं खोदकाम केलं, ते कितीतरी वर्षं चाललं. जमिनीखालून शेकडो लाकडी काटक्या निघाल्या, त्यांच्यावर जुन्या लिपीत काहीबाही कोरलेलं. मालाच्या चिठ्ठ्या, हिशेब, निरोप. त्यातली एक काटकी सुमारे आठशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर एवढंच कोरलंय, की गीडा म्हणते, आता घरी ये. बस्स. कोण ही गीडा, कुणाला बोलावत होती, काही माहीत नाही. पण बाजारात रमलेल्या कुणाला तरी घरी बोलावणाऱ्या एका बाईचा आवाज त्या मातीतनं निघाला.

फोन ठेवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती नाणी विकलेली आमची मैत्रीणच म्हणाली, "त्यांची एक गीडा निघाली. आपल्या तेरच्या मातीत तसल्या किती असतील?"

मैत्रिणींनो, आम्ही एवढ्यासाठीच आज रेडिओवर आलो. राजांची नावं राहतात. शिलाहार राजे तर पुढं कित्येक शतकं स्वतःला तगर नगरीचे स्वामी म्हणवून घेत होते. ती नावं ताम्रपटांवर कोरलेली आहेत. पण ज्यांच्या सुतामुळं तगरचं नाव रोमपर्यंत गेलं, त्या बायकांची नावं कुठल्याच ताम्रपटावर नाहीत. त्यांचं जे काही उरलंय ते आपल्या मातीत आहे. बांगडीचा तुकडा, मणी, चातीचं भोक पडलेलं टवकं, चुलीची राख. ते आपल्याच खुरप्याला लागतं, कारण रानात वाकून काम आपणच करतो. आमच्या येरमाळ्याच्या यात्रेत चुन्याच्या रानात चुनखडी वेचायला हजारो माणसं वाकतात. एक एक खडा श्रद्धेनं उचलतात. तसंच थोडं वाकून, बघून, आपल्या मातीतली ही खापरं उचलायला काय हरकत आहे?

आमच्या गटानं दुसऱ्या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहून घेतल्या. पहिली, रानात किंवा घराच्या पायात जुनं काही निघालं तर ते फिरत्या माणसाला द्यायचं नाही. जागा लक्षात ठेवायची, खोदत सुटायचं नाही आणि तलाठ्यांना किंवा तहसीलला कळवायचं. एकटीला जायला संकोच वाटला तर गटातल्या चौघींनी मिळून जायचं. दुसरी, जुन्या पांढरीची माती आणायची नाही. यावर आमच्यात वाद झाला. ज्यांची माळवदं आहेत त्या म्हणाल्या, मग पावसाळ्यात घर गळू द्यायचं का? त्यांचंही खरं आहे. शेवटी ठरलं, की ज्या मातीत खापरं, विटा दिसतात तिला हात लावायचा नाही आणि दुसरीकडची चिकण पांढरी माती कुठं मिळते ते गटानं शोधायचं. तो शोध अजून चालू आहे. कुणाला ठाऊक असेल तर आम्हाला जरूर कळवा.

तिसरी गोष्ट, येरमाळ्यातच असं पायी फिरायचं. वाट दाखवायला बाहेरचा माणूस नको, आमच्या मोठ्या अक्काच पुढं चालणार. जुनी विहीर, जातं टाकी लावणारे कुठं बसायचे, पूर्वी बाळंतीण अडली की कुणाच्या दारात जायचे, पहिल्यांदा शाळेत गेलेली मुलगी कुठल्या घरातली, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. अक्का आता पंच्याहत्तरीच्या आहेत. त्या चालतात तोवर त्यांच्या मागं चालून घ्यायचं. आमच्या शाळकरी पोरी वही घेऊन सोबत येणार आहेत.

तुमच्या गावातही अशा कुणी अक्का असतील. या सुट्टीत त्यांना म्हणा, अक्का, चला, जरा गाव दाखवा. त्या थांबतील तिथं थांबा. आणि त्या जे नाव सांगतील, ते लिहून ठेवा.